गाडीच्या मागचा इंडिकेटर पिवळाच का हवा?

आपल्याकडचा माणूस अमेरिकेत गेला आणि तिथे गाडी चालवू लागला, की एक गोष्ट त्याला लवकरच खटकते. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. ती गाडी वळते आहे की चालक ब्रेकवर पाय ठेवून काढतो आहे, हे क्षणभर कळत नाही. दुसऱ्या बाजूचा दिवा शोधावा तर तो शेजारच्या लेनमधल्या ट्रकआड गेलेला असतो. मधल्या अर्ध्या सेकंदात आपली गाडी बरंच अंतर कापून पुढे गेलेली असते.

भारतात हा गोंधळ होत नाही, कारण आपल्याकडे इंडिकेटर पिवळट-नारिंगी रंगाचाच असावा असा नियम आहे. या रंगाला वाहनांच्या भाषेत अंबर म्हणतात. युरोपातही तेच आहे आणि जगाच्या बऱ्याच मोठ्या भागात तेच आहे. अमेरिका आणि कॅनडात मात्र मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो. एकच गाडी दोन बाजारांत दोन रंगांचे दिवे लावून विकली जाते. फोर्डची मस्टँग अमेरिकेत लाल दिव्यांनी वळण दाखवते, तर युरोपात विकायची म्हटलं की तिच्या मागे अंबर दिवे बसतात.

यामागे तंत्रज्ञान आहे, डोळ्यांचं शास्त्र आहे आणि जुन्या सवयींचा इतिहासही आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: लाल इंडिकेटरची परवानगी अमेरिकेने फार पूर्वीच काढून घ्यायला हवी होती. का, ते समजण्यासाठी मागच्या दिव्यांचं काम नीट पाहावं लागेल.

मागचे दिवे सांगतात तरी काय?

अंधारात दिसलेली गाडी आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे, हे सर्वांत आधी कळलं पाहिजे. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल असा दंडक पडला. मागे पांढरा दिवा फक्त रिव्हर्सचा, कारण त्या वेळी गाडी खरोखरच आपल्याकडे येत असते. मागे पांढरे एलईडी लावून ते सतत चालू ठेवणारे लोक हा साधा दंडकच मोडतात. मागून येणाऱ्याला वाटतं की समोरून कोणी येतंय.

लाल रंगातसुद्धा तीन निरोप आहेत. टेललाइट म्हणजे ‘मी इथे आहे’. ब्रेक लाइट म्हणजे ‘मी वेग कमी करतोय’. मागचा फॉग लॅम्प म्हणजे ‘धुकं दाट आहे, तरी मी इथे आहे’. रंग एकच असल्यामुळे यांतला फरक तेजावरून करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत टेललाइटची तीव्रता साधारण ४ ते १७ कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक), साध्या ब्रेक लाइटची ६० ते २६० आणि मागच्या फॉग लॅम्पची १५० ते ३०० कँडेला ठरवलेली आहे. फॉग लॅम्प आणि ब्रेक लाइटचं तेज एवढं जवळपास असल्यामुळे त्या दोघांमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. धुकं नसताना मागचा फॉग लॅम्प चालू ठेवला, की मागच्याला ब्रेक लागल्याचा भास होत राहतो आणि खरा ब्रेक लागतो तेव्हा फारसा फरक जाणवत नाही.

तेजाने फरक दाखवण्यात मुळातच एक अडचण आहे. दोन दिवे शेजारी लागलेले असले तर कोणता जास्त तेजस्वी हे चटकन समजतं. पण रात्री २०० मीटरवर एकच लाल ठिपका दिसत असला, तर तो जवळचा मंद दिवा की लांबचा प्रखर दिवा हे डोळा नक्की सांगू शकत नाही. रंगाचं तसं नाही. अंतर वाढलं म्हणून अंबर लाल होत नाही.

एका बल्बवर दोन कामं

अमेरिकेत लाल इंडिकेटर आले ते सोयीतून. १९३९च्या ब्युक गाड्यांवर कारखान्यातूनच उघडझाप करणारे इंडिकेटर मिळू लागले. त्याआधी आणि युरोपात तर त्यानंतरही बरीच वर्षं, गाडीच्या बाजूने बाहेर येणारा छोटा हात वळण दाखवत असे. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलवर असे हात होते. विजेचे इंडिकेटर रूढ होऊ लागले तेव्हा गाडीच्या मागे लाल काचेचा दिवा आणि त्याच्या बल्बमध्ये ब्रेकची प्रखर तार (फिलामेंट) आधीच होती. तीच तार इंडिकेटरसाठी वापरली की वेगळा बल्ब नको, वेगळी वायर नको, वेगळी काच नको.

जोडणी अशी होती. ब्रेकची वीज सरळ मागे न जाता स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटरच्या स्विचमधून जायची. चालकाने उजवा इंडिकेटर दिला, की स्विच उजव्या दिव्याची ब्रेकची वीज तोडून तिथे फ्लॅशरची, म्हणजे दिवा उघडझाप करवणाऱ्या भागाची, वीज जोडायचा. म्हणजे ब्रेक दाबलेला असताना डावा दिवा स्थिर आणि उजवा उघडझाप करणारा. मागच्या माणसाने दोन्ही दिवे एकदम पाहिले तर अर्थ लागतो. एकच दिसला तर लागत नाही.

यातून निघणारा दुसरा तोटा मला जास्त गंभीर वाटतो. अशा गाडीत वळताना ब्रेक दाबला तर वळणाच्या बाजूला स्थिर ब्रेक लाइट उरतच नाही. हॅझर्ड, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम, चालू केले तर दोन्ही बाजू उघडझाप करतात, आणि अनेक गाड्यांत ब्रेक दाबला तरी बाजूच्या दिव्यांवरून तो कळत नाही. १९८० च्या दशकात मागच्या काचेखाली मधोमध तिसरा ब्रेक लाइट आला तेव्हा कुठे या गाड्यांना ब्रेकसाठी असा दिवा मिळाला, ज्याच्यावर दुसरं काम नाही.

ही जुनी जोडणी टिकायला ट्रेलरचाही हातभार लागला. अमेरिकेत घरोघरी बोट, सामानाची गाडी किंवा छोटा ट्रेलर ओढायची पद्धत आहे. त्यांच्या साध्या ट्रेलरच्या जोडणीत चारच वायरी असतात: एक अर्थिंग, एक टेललाइट, एक डावीकडचा ब्रेक-इंडिकेटर आणि एक उजवीकडचा. तिथे अंबर इंडिकेटरसाठी स्वतंत्र वायरच नाही. ज्या गाडीचे इंडिकेटर वेगळे आहेत तिला असा ट्रेलर जोडायला मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो.

आणखी एक कारण नियमाच्या बारीक अक्षरांत आहे. अमेरिकी नियमानुसार मागच्या इंडिकेटरची प्रकाशमान काच किमान ५० चौरस सेंटिमीटर हवी. युरोपच्या नियमात क्षेत्रफळाची अशी अट नाही, तिथे प्रकाश किती आणि कुठल्या कोनातून दिसतो हे मोजतात. म्हणून युरोपात चालणारा अंबरचा बारीक पट्टा अमेरिकेत अपुरा ठरू शकतो. मग कंपनी दिव्याचं बाहेरचं रूप तेच ठेवते आणि आतल्या मोठ्या लाल भागावर दोन्ही कामं टाकते. सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने कमी सुरक्षित दिव्याकडे ढकलावं, हे पाहून वाईट वाटतं.

गंमत म्हणजे पुढच्या बाजूला अमेरिकेने हा प्रश्न केव्हाच सोडवला. तिथे पुढचे इंडिकेटर आधी पांढरे असत आणि हेडलाइटच्या झोतात हरवून जात. १९६३च्या मॉडेलांपासून ते अंबर झाले. मागे मात्र १९६८ साली लागू झालेल्या संघराज्याच्या दिव्यांच्या मानकाने लाल आणि अंबर दोन्ही चालू ठेवले, ते आजतागायत.

मोजमाप काय सांगतं?

लाल इंडिकेटरमुळे खरोखर जास्त टक्कर होते का, हे ठरवणं सोपं नाही. अंबर दिव्याच्या गाड्या महाग असतील, त्यांचे चालक वेगळे असतील, त्या वेगळ्या रस्त्यांवर फिरत असतील. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने यातून फार छान वाट काढली. तिथे एकाच मॉडेलच्या गाडीचे मागचे इंडिकेटर एखाद्या वर्षी लालवरून अंबर होतात, किंवा अंबरवरून लाल होतात. गाडी तीच, घेणारे लोक साधारण तेच, बदलला तो रंग. अशा मॉडेलांचे बदलाआधीचे आणि नंतरचे अपघात त्यांनी ताडून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात निष्कर्ष आला, की गाडी वळताना, लेन बदलताना किंवा पार्क होताना मागून बसणाऱ्या धडका अंबर दिव्यांमुळे सुमारे ५.३ टक्क्यांनी कमी होतात.

५ टक्के ऐकायला थोडे वाटतात. म्हणून दुसरा आकडा शेजारी ठेवू. मधोमधचा तिसरा ब्रेक लाइट अमेरिकेत १९८६च्या मॉडेलांपासून कारला सक्तीचा झाला. त्याआधी १९७० च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या टॅक्सींवर त्याची चाचणी झाली, तेव्हा ब्रेक लावताना मागून होणाऱ्या धडका निम्म्याने कमी झाल्यासारख्या दिसल्या होत्या. पण सगळ्या गाड्यांना तो दिवा आला, लोकांना त्याची सवय झाली आणि दीर्घकालीन फायदा ४.३ टक्क्यांवर स्थिरावला. हे ४.३ टक्के मागून होणाऱ्या सगळ्या धडकांमधले आहेत आणि अंबरचे ५.३ टक्के फक्त वळणाशी जोडलेल्या धडकांमधले, त्यामुळे दोन्ही एकाच तराजूत टाकता येत नाहीत. तरीही एक गोष्ट उरतेच. ४.३ टक्क्यांसाठी प्रत्येक कारला एक नवा दिवा लावायची सक्ती झाली, पण असलेल्या दिव्याचा रंग बदलायची सक्ती झाली नाही.

डोळ्याला अंबर का भावतो?

उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. अंबर प्रकाश साधारण ५९० नॅनोमीटरचा. तिथे डोळ्याची संवेदनशीलता कमाल पातळीच्या तीन चतुर्थांश असते. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला ती जेमतेम एक चतुर्थांश उरते. म्हणजे तेवढीच प्रकाशऊर्जा अंबरमध्ये टाकली तर ती कितीतरी उजळ दिसते.

रंगांधळेपणाचाही विचार हवा. लाल-हिरव्या रंगांतला फरक कमी कळणारे लोक बहुतांशी पुरुष असतात, आणि त्यांतल्या एका प्रकारात लाल प्रकाश नुसता वेगळा दिसत नाही, चक्क मंद दिसतो. असा माणूस लाल दिव्यांच्या गर्दीत लाल इंडिकेटर शोधत असेल तर त्याच्यावर आपण दुप्पट ओझं टाकतो. अंबर त्याला निदान तेजाने तरी दिसतो.

इथे शाळेत शिकलेली एक समजूतही तपासून घेऊ. लाल प्रकाश सर्वांत कमी विखुरतो, म्हणून धोक्याचा दिवा लाल, असं आपण सगळे लिहून आलो आहोत. हवेचे रेणू किंवा धुराचे अतिसूक्ष्म कण असतील तर ते खरं आहे. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. गाडीच्या मागे लाल दिवा आला तो मुख्यतः रेल्वेच्या सिग्नलांची परंपरा उचलून. लाल म्हणजे थांबा, हा अर्थ लोकांच्या मनात आधीच पक्का होता. तो अर्थ इतका मौल्यवान आहे की त्यात दुसरा अर्थ मिसळू देऊ नये, हेच माझं म्हणणं.

बल्ब, फ्लॅशर आणि एलईडी

गॅरेजमध्ये टेललाइटचा डबा उघडला की जुन्या गाड्यांत सहसा दोन तारांचा एक बल्ब दिसतो. ५ वॅटची तार टेललाइटची, २१ वॅटची ब्रेकची. इंडिकेटरचा बल्ब वेगळा, २१ वॅटचाच. इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तर बल्बलाच अंबर रंगाचा लेप असतो. पांढरा आणि अंबर बल्ब एकमेकांच्या जागी बसू नयेत म्हणून त्यांच्या बुडाच्या पिना वेगळ्या कोनांत दिलेल्या असतात: पांढऱ्याच्या समोरासमोर, १८० अंशांत, अंबरच्या १५० अंशांत. इतकी काळजी घेऊनही जुना झालेला लेप कधीकधी पापुद्रे सुटून गळतो आणि इंडिकेटर पांढरा चमकू लागतो. तेव्हा बल्ब बदलावा, काही रुपयांचं काम आहे.

इंडिकेटरच्या उघडझापीचा वेगही ठरलेला आहे. मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हेच आकडे आहेत. एका बाजूचा इंडिकेटर अचानक टिकटिक-टिकटिक घाईने वाजू लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब उडाला असं समजावं. फ्लॅशर विजेचा भार ओळखतो आणि भार कमी झाला की वेग वाढवून चालकाला कळवतो. साध्या बल्बच्या जागी बाजारातला एलईडी घातला तरी हेच होतं, कारण एलईडी वीज फार कमी खातो आणि फ्लॅशरला वाटतं की बल्बच गेला.

एलईडीचा खरा फायदा ब्रेक लाइटमध्ये आहे. तारेचा बल्ब तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी जवळपास लगेच लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे जाते. एका मोठ्या कारच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर, फक्त दिव्याचा प्रकार बदलल्यामुळे मिळालेलं.

इलेक्ट्रिक गाड्यांनी एक नवा प्रश्न आणला. त्यांत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग ओढून धरते, ब्रेकच्या पेडलला पाय लागतच नाही. मग ब्रेक लाइट कधी लागावा? संयुक्त राष्ट्रांच्या कारच्या ब्रेकविषयक नियमाने उत्तर आकड्यांत दिलं आहे. वेग कमी होण्याचा दर सेकंदाला ०.७ मीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून कमी असेल तर दिवा लागू नये, १.३ च्या वर गेला तर लागलाच पाहिजे, मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी.

दिसायला देखणा, वाचायला कठीण

आता डिझाइनविषयी. एलईडीमुळे दिव्याला हवा तो आकार देता येऊ लागला आणि मागचा दिवा ही गाडीची सही झाली. रात्री लांबूनच कंपनी ओळखू यावी, हा हट्ट. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लाल पट्टा हल्ली सगळीकडे दिसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट रुंद पट्ट्यामुळे गाडीच्या रुंदीचा अंदाज येतो. तक्रार आहे ती त्या पट्ट्याला जागा देण्यासाठी इंडिकेटर खाली बंपरमध्ये ढकलण्याबद्दल.

नियम ते करू देतो. मागचा इंडिकेटर जमिनीपासून ३५० मिलिमीटरपेक्षा खाली नको, एवढंच तो म्हणतो. ३५० मिलिमीटर म्हणजे जेमतेम गुडघ्याच्या खाली. मोकळ्या रस्त्यावर तो दिसतो. पण पुण्या-मुंबईच्या गर्दीत, जिथे दोन गाड्यांमध्ये हातभर जागा असते, मागच्या गाडीचं बॉनेटच त्याला झाकून टाकतं. पावसाळ्यात बंपरवर चिखल बसतो तो वेगळाच. आपली नजर टेललाइट आणि ब्रेक लाइटच्या उंचीवर असते, तिथून बरंच खाली काहीतरी लुकलुकतंय हे डोळ्याच्या कडेलाच राहतं. रंग बरोबर असूनही जागा चुकली तर इंडिकेटरचा अर्धा उपयोग गेला.

आकारानेही घोटाळा होतो. ब्रिटनच्या मिनी गाडीला काही वर्षांपूर्वी युनियन जॅकच्या नक्षीचे दिवे दिले गेले. प्रत्येक दिव्यात झेंड्याचा अर्धा भाग. इंडिकेटर लागला की त्या नक्षीतला उजळणारा भाग बाणासारखा दिसतो, आणि तो बाण गाडी वळणार त्याच्या उलट दिशेला रोखलेला असतो. देशाभिमानाची कल्पना सुंदर होती, पण इंडिकेटरवर बाण असेल तर तो बरोबर दिशेला हवा.

याउलट आतून बाहेरच्या दिशेने एकामागून एक उजळत जाणारे इंडिकेटर मला आवडतात. १९६५च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये ते होते आणि त्या काळी एक छोटी विजेची मोटर फिरून दिव्यांची क्रमाने जोडणी करत असे. त्यात दिशा उजेडाच्या सरकण्यातूनच कळते, दुसरी बाजू झाकलेली असली तरी.

आपल्या रस्त्यांवर

भारतात नियमाचा रंग बरोबर आहे, बिघाड पुढे होतो. टेललाइटवर काळी फिल्म किंवा धुरकट काच चढवणं हे त्यातलं पहिलं. ती फिल्म ब्रेक लाइटचा उजेड गिळते, आणि दिवसा उन्हात ब्रेक लागला की नाही तेच दिसत नाही. घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर पाऊस कोसळू लागला की हॅझर्ड लावून गाडी हाकणं हे दुसरं. चारही इंडिकेटर लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलली तर ते सांगायला तुमच्याकडे दिवाच उरत नाही. पावसात हेडलाइट लावावा, त्याबरोबर टेललाइट आपोआप लागतो. ज्या गाड्यांना मागचा फॉग लॅम्प आहे त्यांनी फारच कमी दिसत असेल तर तो लावावा. हॅझर्ड थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चौकात ‘सरळ जातोय’ म्हणून हॅझर्ड लावणं तर आणखी घातक, कारण बाजूने येणाऱ्याला तुमचा एकच दिवा दिसतो आणि तो समजतो की तुम्ही वळताय.

आणि ऊसतोडणीचा हंगाम. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या भागांत हिवाळाभर रात्री ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या, बऱ्याचदा दोन-दोन, ऊस भरून कारखान्याकडे जात असतात. ट्रॅक्टरचे मागचे दिवे ट्रॉलीआड जातात. ट्रॉलीला दिवे असले तरी वायर तुटलेली, नाहीतर वरून लोंबणाऱ्या उसाने झाकलेली. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला शेवटच्या क्षणी एक काळा ढीग दिसतो. अशा धडकांत दर हंगामात माणसं जातात.

इथे विजेशिवाय चालणारा मागचा दिवा उपयोगी पडतो, म्हणजे रिफ्लेक्टर, किंवा गावाकडे ज्याला सगळे रेडियम म्हणतात ती पट्टी. लाल रिफ्लेक्टरच्या आत घनाच्या कोपऱ्यासारखे असंख्य छोटे कोन असतात. त्या कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तीन पृष्ठभागांवर आपटून जिकडून आला तिकडेच परत जातो, म्हणून आपल्याच हेडलाइटने तो पेटल्यासारखा दिसतो. आपल्या नियमांतही मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी अशीच पट्टी सांगितली आहे. हंगामाच्या तोंडावर पोलीस, आरटीओ आणि साखर कारखाने ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रेडियम लावतात. ते ट्रॉलीच्या मागच्या फळीच्या दोन्ही कडांना आणि उसाची टोकं पोचणार नाहीत इतक्या खाली लावावं, म्हणजे ट्रॉलीची पूर्ण रुंदी दिसते. आणि दर काही फेऱ्यांनी ओल्या फडक्याने पुसावं, कारण मातीचा थर बसला की तीन पृष्ठभागांचं ते गणित चालत नाही.